हतनूरच्या पाण्यावर शिडाची होडी?

भुसावळ तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ५९, सरकारी कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले. तरुणपणी मुंबईत शिकताना एनसीसीच्या नौदल शाखेत निळ्या शिडांच्या ‘एंटरप्राइज’ होड्या त्यांनी चालवल्या, आणि आपली एक होडी असावी ही इच्छा तेव्हापासून मनात आहे. आता मुंबईत एक जण आपली अठरा फुटी, छोट्या केबिनची जुनी शिडाची होडी ट्रेलरसकट पावणेचार लाखांना विकतो आहे. गेले काही पावसाळे ती ताडपत्रीखाली उभी आहे. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, पन्नास हजार टोकन पाठवा, असा विक्रेत्याचा तगादा आहे. वाचकाचा हिशेब असा की ट्रेलर आहे म्हटल्यावर हतनूर, वाघूर, गिरणा, उकाई ही धरणं, उद्या अलिबागसुद्धा आपलंच. तेरा वर्षांची नात आतापासूनच नाचते आहे. पत्नी एवढंच म्हणते, “पाणी कुठंय ते तरी सांगा.” ते लिहितात: “लोक हसले तर हसू देत. पण फंडाचे पैसे खरोखरच पाण्यात गेले तर? घेऊ की नको?”

भाऊ,

हसणाऱ्यांचं आधी उरकून घेऊ. समुद्र नाही तिथे शिडाची होडी कशाला, असं कुणी म्हणालंच तर त्याला नेहा ठाकूरचं नाव सांगा. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीचं रौप्यपदक घेऊन आली. देवासहून समुद्र भुसावळपेक्षाही लांब आहे.

वहिनींचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या पत्रात होडीची लांबी आहे, किंमत आहे, केबिनमध्ये दोन माणसं झोपतात हेही आहे. ती कुठल्या काठावरून पाण्यात उतरणार, याबद्दल एक ओळ नाही. वहिनींनी नेमकं तेवढंच विचारलंय, आणि या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात जाणकार प्रश्न तोच आहे.

धरणात पाणी आहे म्हणून ते आपल्या होडीला मिळतंच असं नाही. तुमच्या घराजवळचं हतनूर घ्या. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो तिथपासून खाली पसरलेलं पाणी डोळ्यांना समुद्रासारखं वाटतं, पण त्यात गाळ किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. रुंदी आहे, खोली सगळीकडे नाही. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात तेव्हा त्या पाण्यावर कुठलीच होडी नको, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. पाणी भरपूर आणि शांत असतं ते पावसाळा सरल्यावर, आणि नेमके तेव्हाच तिथे थंडीचे पाहुणे पक्षी उतरतात. त्यांच्या थव्यातून शीड फडफडवत जाणं मला पटणार नाही, पक्षीमित्रांना तर नाहीच. त्यांच्याशी आधी बोलून कुठला भाग टाळायचा हे ठरवलंत तर ते तुमच्या बाजूने उभे राहतील.

वाघूर जळगावकरांचं पिण्याचं पाणी आहे, परवानगी सोपी जाईल असं गृहीत धरू नका. गिरणा धरण मोठं, मोकळं आणि वाऱ्याचं, पण ते नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात येतं. तुम्हाला चाळीसगावावरून जावं लागेल, आणि ते किती भरलं हा दरवर्षी चिंतेचाच विषय असतो. उकाईचा फुगवटा नवापूरपर्यंत येत असला तरी धरण गुजरातचं, म्हणजे दारही दुसरं ठोठवायचं. यादीत चार धरणं असली तरी तुमच्या खऱ्या उपयोगाचं बहुधा एकच निघेल. आणि एकाच पाण्यावर जायचं असेल तर होडी चाकांवर असण्याचं महत्त्व किती उरतं?

म्हणून पहिलं काम मुंबईला जायचं नाही. पाटबंधारे खात्याच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या: इंजिन नसलेली, अमुक लांबीची शिडाची होडी, वैयक्तिक छंदासाठी, दिवसाउजेडी, धरणाच्या भिंतीपासून आणि दरवाजांपासून लांब. उत्तर लेखी मागा. खिडकीतून कुणी “हो, फिरवा की” म्हणालं, एवढ्यावर पावणेचार लाख लावू नका. मागे छोटंसं इंजिन बसवायचा मोह होईल, विक्रेताही ते ‘फ्री’ देईल. पण इंजिन लावलं की होडी यांत्रिक ठरते आणि २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यातली नोंदणी, तपासणी, विमा हे सगळं मागे लागतं. सुरुवातीला एक जोडी वल्ही पुरतात.

दुसरं काम मच्छीमार सोसायटीचं. जलाशयात मासेमारीचा ठेका कुणाकडे तरी असतो आणि जाळी कुठे लागतात हे त्यांनाच ठाऊक. पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे म्हणजे कचरा समजू नका, खाली कुणाचं तरी जाळं असतं. सुकाणू त्यात अडकलं तर तुमचा तासभर जाईल, त्यांचं मात्र जाळं जाईल. आधीच भेटा, चहा घ्या, फाटलं तर भरून देईन हे स्वतःहून सांगा. त्यांच्यातलाच एखादा होडीवाला तुम्ही पाण्यात असताना काठावर थांबायला तयार झाला, तर त्याला मजुरी द्या. तुमच्या एनसीसीच्या दिवसांत मागे बचावाची होडी असायची, आठवतंय ना? इथे ती कुणी देणार नाही, आपणच उभी करायची.

आता वारा. आपल्याकडे वारा नाही ही एक समजूत आणि आपल्याकडे वारा भरपूर आहे ही दुसरी. दोन्ही महिन्यावर अवलंबून. साक्रीकडच्या पवनचक्क्या पावसाळी वाऱ्याच्या जोरावर गरगरतात, तो वारा धरणावर शिकण्याचा नव्हे. एप्रिल-मेच्या दुपारी ऊन माणसाला उभं राहू देत नाही. शिवाय वळवाच्या वादळाने रावेर-यावलच्या केळीच्या बागा काही मिनिटांत आडव्या होतात, हे तुम्ही पाहिलंय. तसा झोत शिडावर आला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी हलका वारा. नवशिक्याला, आणि पस्तीस-चाळीस वर्षांनी परत येणाऱ्यालाही, ताशी दहा ते पंधरा किलोमीटरचा वारा भरपूर झाला. सगळीकडे लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की काठ गाठायचा. म्हणजे तुमचा मोसम चार-पाच महिन्यांचा आहे. पुढे मार्चनंतर पाणी मागे सरकत जातं आणि काठ चिखलाचा होतो.

त्या काठावर आता तुमची अठरा फुटी होडी उभी करून बघा. केबिन, होडीच्या तळाखाली पाण्यात उतरणारा, उचलता येणारा लोखंडी तळपाता आणि ट्रेलर धरून वजन पाचशे किलोच्या बरंच वर, बहुतेकदा साताठशेच्या घरात. मुंबईच्या क्लबात फरसबंद उतार असतो. हतनूरच्या काठाला काळी माती आणि गाळ. गाडी मागे घेतलीत की ट्रेलरची चाकं आधी रुततात, मग गाडीची, आणि मग शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर बोलवायचा. ट्रॅक्टर येईलही, आपल्याकडे माणसं येतात मदतीला. पण प्रत्येक वेळी येईल का? शिवाय डोलकाठी उभी करायला दोन-तीन माणसं हवीत, तारा ताणायच्या, शिडं चढवायची. तयारीचा तास-दीड तास, आवरायला तेवढाच. ऊन उतरेपर्यंत घरी पोचायचं म्हटलं तर पाण्यावर किती वेळ राहिलात? ‘ट्रेलरवर नेता येते’ या शब्दांचा खरा अर्थ मला तरी असा कळलाय की ती नेता येते, पण फारशी कुणी नेत नाही. जितकी जड होडी, तितके ‘पुढच्या रविवारी बघू’ जास्त.

ट्रेलरबद्दलही बोलायला हवं, कारण पावणेचार लाखांचा आकडा तुमच्या मनाला त्याच्यामुळेच पटलाय. ट्रेलरची आरटीओ नोंदणी वेगळी असते. त्याचं स्वतःचं आरसी पुस्तक आहे का ते विचारा, घरगुती वेल्डिंगचा असेल तर नसण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येतं याचा आकडा शोधा, तो नसेल तर कंपनीने गाडी त्यासाठी बनवलेली नाही असंच समजा. मागच्या हुकावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पडायला हवा, कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो. आणि हे सगळं घेऊन कसारा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे, जळगाव असं चारशेच्या वर किलोमीटर यायचं. काही पावसाळे उभ्या राहिलेल्या ट्रेलरच्या बेअरिंगवर मी कसारा चढणार नाही. तुम्ही फिटर आहात, चाक उचलून हाताने फिरवलंत की तुम्हाला आवाजावरूनच कळेल. टायरची नक्षी कितीही नवी दिसो, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि साल त्यात असतं.

मग होडी घ्यायचीच नाही का? घ्या की! पण ती नाही, असं माझं मत आहे. तुम्ही चालवलेली एंटरप्राइजच बघा. लांबी जेमतेम सव्वातेरा फूट, रिकामं वजन नव्वद-पंच्याण्णव किलो, दोन माणसांची, आणि तळातून पाण्यात उतरणारी मधली फळी वर ओढली की गुडघाभर पाण्यातही चालते. दुसरी लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात. चौदा फुटांची, सांगाडा, म्हणजे नुसतं होडीचं अंग, ५९ किलोचा, एका माणसाची, एकच शीड. तिला डोलकाठी धरणाऱ्या ताराही नाहीत, त्यामुळे अर्ध्या तासात पाण्यात. तुम्हाला नातीला बरोबर न्यायचंय, म्हणून मी एंटरप्राइजकडे झुकेन. आपल्या देशात नौदल, एनसीसी आणि क्लबांमध्ये या होड्या वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. त्यामुळे जुनं शीड, सुकाणू, कप्प्या विचारायला जागा आहे. मुंबई, पुणे, हैदराबाद, भोपाळ इथल्या क्लबांच्या सूचनाफलकांवर आणि तिथल्या होड्या सांभाळणाऱ्या माणसांकडे चौकशी करा. ते कारागीर मालकांपेक्षा खरं बोलतात.

ती आणायला ट्रेलर लागतच नाही. आपल्याकडून केळी घेऊन वाशीला गेलेल्या गाड्या परत येताना रिकाम्या असतात, रिटर्न भाड्यात होडी उलटी ठेवून, खाली पेंढ्या-गोण्या घालून येईल. इथे घरापासून धरणापर्यंत पिकअप. चौघांनी उचलली की पाण्यात. हातगाडीसारखी दोन चाकांची छोटी ढकलगाडी तुम्ही स्वतः दोन दिवसांत बनवाल, आणि मला वाटतं त्यात तुम्हाला होडीइतकाच आनंद मिळेल.

कुठलीही जुनी होडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि ताडपत्री पूर्ण काढायला लावा. बोटांच्या पेरांनी सांगाड्यावर वीतभर अंतराने ठोकत जा, टणक आवाज मधेच भद्द झाला तर तिथे थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय. वर चढून पाय दाबा, पायाखालचा भाग लचकता कामा नये. शक्य असेल तर वजन करा. नव्वद किलोची होडी एकशे वीस भरली तर वरचे तीस किलो आत मुरलेलं पाणी असतं, ते सहज निघत नाही. लेझर असेल तर डोलकाठी रोवायच्या खोबणीत पाणी ओतून पाच-दहा मिनिटं थांबा, पातळी खाली गेली तर त्या होडीपासून दूर व्हा. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून बघा. तारांवरून फडकं फिरवा, धागे अडकले तर तार तुटायला लागली आहे. शीड उजेडासमोर धरा आणि शिवण नखाने ओढून बघा, उन्हात कापडाआधी दोरा मरतो. दोर कितीही जुने असोत, ते चालतील, बाजारात मिळतात. शीड आणि डोलकाठी मात्र जळगावच्या बाजारात मिळत नाहीत, ती खराब असतील तर होडी फुकट मिळाली तरी महाग.

इथे एक सावधगिरी खास तुमच्यासाठी. तुमचा हात लोखंडात बसलेला आहे. वाकलेली पट्टी सरळ करणं, नवीन पिन कापणं हे तुम्ही डोळे मिटून कराल. फायबर तसं नाही. आतला थर कुजलेला असताना वरून रंग मारून होडी नवी दिसते, आणि ‘घरी करून घेऊ’ म्हणणारे बहुतेक लोक तुमच्यासारखे हातचे कुशलच असतात. बघायला जाताना फायबरची कामं करणारा एक माणूस रोजावर बरोबर न्या. त्या अठरा फुटीच्या बाबतीत तर वर-खाली होणाऱ्या तळपात्याची खुंटी, तार आणि ती गुंडाळणारा विंच तुमच्यासमोर चालवून दाखवल्याशिवाय बोलणीच नकोत.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लवकर लिहायला घेतलं. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते, सहा-सात मीटर उंच, विजेची उत्तम वाहक. आपल्या धरणांच्या काठाने शेतकऱ्यांच्या मोटारींच्या लाइनी गेलेल्या असतात, कुठे खांब झुकलेले, कुठे बांबूचा टेकू. पाणी मागे सरकलं की मोटार पुढे नेतात आणि तार आणखी खाली लोंबते. डोलकाठी उभी करून होडी ढकलत नेताना सगळ्यांची नजर पायाखालच्या चिखलावर असते, वर कुणी बघत नाही. जिथे होडी जुळवणार तिथून पाण्यापर्यंतचा रस्ता आधी रिकाम्या हाताने, वर बघत चाला. पाण्यावरून आडव्या गेलेल्या लाइनीही टिपून ठेवा, नातीलाही दाखवा. दर मोसमात पुन्हा, कारण मागच्या वर्षी नसलेली तार यंदा असू शकते.

लाइफ जॅकेट फोमचं, कमरेला आवळता येणारं, नातीला तिच्या वजनाच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. दोघांनाही पोहता यायलाच हवं. तुम्हाला येत असणार, तिला या हिवाळ्याआधी शिकवा. पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात होडी मुद्दाम उलटी करून सरळ करायचा सराव करा. ५९व्या वर्षी फळीवर चढून ती सरळ करणं विशीसारखं जमत नाही, ते धरणाच्या मध्यावर कळण्यापेक्षा काठाशी कळलेलं बरं. तब्येतीची तक्रार असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

एक पर्याय तुमच्या पत्रात नाही. भुसावळहून खंडवा-इटारसीमार्गे भोपाळला थेट गाड्या आहेत. तिथे तलावावर शिडाच्या होड्या दिसतात. सुट्टीत नातीला घेऊन जा, शिकवणी किंवा तासाभराची फेरी मिळते का ते आधी विचारून घ्या. होडी विकत घेण्याआधी एक अख्खा मोसम दुसऱ्याच्या होडीवर काढणं कमीपणाचं नाही. तिथे तुम्हाला दोन गोष्टी कळतील: तुमचे गुडघे काय म्हणतात आणि नातीची हौस तिसऱ्या दिवशीही टिकते का. तिची नाही टिकली आणि तुमची टिकली, तर लेझर घ्या. दोघांची टिकली तर एंटरप्राइज. त्या आधी फंडाला हात लावायची गरज नाही.

वहिनींना होडीत बसायचंय का, हे तुम्ही विचारलंय असं पत्रावरून वाटत नाही. विचारा. नाही म्हणाल्या तरी हिशेब त्यांच्यासमोर मांडा: खरेदी, भाडं, शीड-दोर, जॅकेट, बचाववाल्याची मजुरी, सावलीतली जागा. सावली विसरू नका, भुसावळच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेलं शीड दोन उन्हाळ्यांत कागदासारखं होतं. दरवर्षी किती लागतील तो आकडा वेगळा लिहा आणि फंडातून किती जाणार यावर दोघांचं एकमत होऊ द्या.

राहिला टोकनचा तगादा. ज्या होडीला काही पावसाळ्यांत गिऱ्हाईक मिळालं नाही तिला या आठवड्यात दोन मिळणं जरा नवलाचंच. विक्रेत्याला आज फोन करा आणि एवढंच सांगा: आरसीची प्रत आणि तळाचे, तळपात्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, होडी पाण्यात घालून दाखवा, मग पैशांचं बोलू. तो तेवढ्यावर चिडला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या. आणि पाटबंधारे कार्यालयातला अर्ज सोमवारी द्या, पोच घ्यायला विसरू नका.